पेन्सिल घेऊन वाचायचा लेखक कसा शोधावा

वाचनालयातल्या काकांनी एकदा माझं कार्ड हातात घेऊन बराच वेळ न्याहाळलं. पुस्तक द्यायचं सोडून हे काय चाललंय म्हणून मी उभा. मग म्हणाले, "वर्षात शंभरावर पुस्तकं नेलीस. त्यातलं एक तरी दुसऱ्यांदा नेलंयस का?"

नव्हतं नेलं. त्या काळात मी स्वतःला दांडगा वाचक समजत होतो आणि दोन वर्षं कथा लिहायची खटपट करत होतो. कथा काही केल्या उभी राहत नव्हती. काकांच्या प्रश्नाचा आणि त्या लुळ्या कथेचा काही संबंध आहे, हे कळायला मला आणखी वर्षभर लागलं.

लिहिणाऱ्याला दोन तऱ्हेचे लेखक लागतात. काही नुसते आवडतात. रात्री दिवा मालवायचं विसरायला लावतात, झालं. आणि एखादा असा असतो की त्याच्यासमोर पेन्सिल घेऊन बसावंसं वाटतं. पहिल्या तऱ्हेचे कितीही असोत. दुसरा मात्र एका वेळी एकच असावा. हा लेख त्या दुसऱ्याबद्दल आहे. उदाहरणं मराठी कथा-कादंबऱ्यांची आहेत, कारण मला तेवढंच बऱ्यापैकी ठाऊक आहे. कवींनी आपापली सोय पाहावी.

आधी वाचनालय गाठा

मोबाइलवर 'वाचायलाच हवीत अशी पन्नास पुस्तकं' छापाच्या याद्या फिरत असतात. त्या वाईट नसतात, पण सगळ्यांत तीच पंधरा नावं असतात. आपला लेखक बहुतेक वेळा सोळावा निघतो आणि तो कपाटासमोर उभं राहिल्याशिवाय भेटत नाही. याबाबतीत मराठी माणूस भाग्यवान आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० चं. अशा जुन्या संस्थांमध्ये दुकानातून केव्हाच नाहीशी झालेली पुस्तकं अजून हाताला लागतात. पाचगणीजवळच्या भिलारमध्ये २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडून ठेवली आहेत. तिथे दोन दिवस मुक्काम केलात तर चाळायला हवं तेवढं मिळेल. गावात वाचनालय नसेल, परदेशात असाल, तर मराठी विकिस्रोत (जुन्या पुस्तकांचं इंटरनेटवरचं खुलं ग्रंथालय) आणि ई-पुस्तकं आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. त्यामुळे जुन्यातलं बरंच काही फुकट आणि कायदेशीर मिळतं.

कपाटासमोर उभे राहिलात की कथासंग्रह काढा, कादंबरी नको. कादंबरीत लेखकाच्या चुका गर्दीत लपून जातात. कथा मात्र चार पानांत उघडी पडते, आणि ती एका बैठकीत अथपासून इतिपर्यंत डोक्यात मावते. दहा संग्रह घ्या. पहिली कथा सोडा, कारण ती दर्शनी म्हणून निवडलेली असते. मधली कुठली तरी उघडा आणि एक पान हळू आवाजात वाचा. काउंटरवरचे लोक बघतील, बघू द्या. वाचताना पुढचं वाक्य काय येणार ते तुम्ही ओळखत गेलात तर पुस्तक परत ठेवा. मनात नुसतं "वा!" आलं तरी हरकत नाही, घरी न्या, मजेत वाचा. पण एखाद्या ठिकाणी थबकून "हे यानं केलं कसं?" असं वाटलं, तर त्या लेखकाचं नाव वहीत टिपून ठेवा. आपण शोधतोय तो त्या टिपलेल्या नावांत असतो.

एका नावावरून दुसरं

लेखक एकटा उगवत नाही. त्याच्या आसपास त्याचे दोस्त असतात, वैरी असतात आणि एखादा खडूस संपादक असतो. एक लेखक आवडला की त्याचं मासिक कुठलं होतं ते शोधा. नवकथा म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांत मराठी कथेनं घेतलेलं नवं वळण. तिची गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ही चार नावं एका दमात घेतली जातात. पण चौघांची एकेक कथा शेजारी ठेवून वाचली तर कळतं की त्यांचं एकमेकांशी फारसं जुळत नाही. माझ्या मते खरी शिकवणी तिथे आहे: काळ तोच, वाचक तेच, आणि चार माणसं चार दिशांना चाललेली.

ही नवकथा ज्यात बहरली ते 'सत्यकथा' मासिक १९८२ मध्ये बंद पडलं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिथले संपादक लेखकांना कथेतल्या बारीकसारीक गोष्टींबद्दल पत्रं लिहीत. त्या मासिकाचे बांधीव खंड मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. एक खंड घ्या आणि एक अंक जसा निघाला तसा, जाहिरातींसकट वाचा. आज ज्यांचे पुतळे झालेत त्यांच्या शेजारच्या पानावर पुढे कुणालाच आठवत नाही असं एखादं नाव दिसतं, आणि त्याची कथा कधी कधी सरस असते. दिवाळी अंकांचंही तेच. 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये ही प्रथा पाडली, तेव्हापासूनचे ढीग कुठे ना कुठे पडून आहेत. रद्दीवाल्याकडे किलोवर मिळतात. मी माझे निम्मे तसेच जमवलेत.

इथे एक कबुली देतो. अशी नावं गोळा करत गेलो तरी पाच वर्षं माझ्या वहीत एकही बाई नव्हती आणि माझ्या जातीबाहेरचे लेखक हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. मुद्दाम केलं नव्हतं, आपसूक झालं होतं, आणि तेच जास्त वाईट. मग कमल देसाई, विजया राजाध्यक्ष, गौरी देशपांडे, सानिया ठरवून वाचल्या. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा १९६३ चा संग्रह वाचला आणि पहिले दोन दिवस लिहायचं धाडसच झालं नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर मी शाळेतला धडा म्हणून कधीच निकालात काढली होती. ते अख्खं पुस्तक पुन्हा काढून वाचा. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई स्वतःची फजिती कशी सांगते, हसवता हसवता नवऱ्याच्या धर्मांतरापर्यंत कशी आणते, हे बघण्यासारखं आहे.

एक पुस्तक, तीन महिने

आता निवड करा. वहीतल्या नावांतून एकच लेखक, त्याचं एकच पुस्तक. विकतच घ्या, कारण त्यात खुणा करायच्या आहेत. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्यांना काका काय म्हणतात ते मी इथे छापू शकत नाही.

मी घेतलं होतं माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं', १९४९ चं. पातळ पुस्तक, एकेका माणसाचं चित्र. पहिल्यांदा नुसतं वाचलं, हातात काही न घेता. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, जिथे थबकलो तिथे समासात उभी रेघ. रेघच फक्त, का थबकलो ते लिहू नका. उत्तर लगेच सापडलं असं वाटतं, आणि ते नव्वद टक्के वेळा चुकीचं असतं. तिसऱ्यांदा फक्त रेघांपाशी गेलो आणि उतरवून काढायला लागलो.

उतरवणं म्हणजे हातानं, वहीत, शब्दन् शब्द. टायपिंग नको. टाइप करताना बोटं पुढे पळतात. पेन मात्र लेखकाच्या चालीनं चालतं. रोज एक पान पुरे. पहिले चार दिवस शाळेतल्या शुद्धलेखनासारखा कंटाळा येतो. पाचव्या-सहाव्या दिवशी गंमत सुरू होते: तुम्ही अर्धं वाक्य वाचता, मान खाली घालून उरलेलं आठवणीनं लिहिता आणि पुस्तकाशी ताडता तर वेगळंच निघतं. तुम्ही लिहिलेलं असतं 'तो अतिशय दुःखी मनाने परत फिरला', आणि पुस्तकात एवढंच की तो परत फिरला. असे फरक लाल पेननं वहीत मांडा. माझ्या वहीत महिन्याभरात जे लाल झालं त्यात बहुतेक विशेषणं होती, आणि 'जणू', 'अक्षरशः', 'एक प्रकारची' हे तीन भामटे.

माडगूळकर चित्रंही काढत, आणि ते त्यांच्या गद्यात दिसतं असं सगळे म्हणतात. पण 'दिसतं' म्हणजे काय, ते मला उतरवताना उमगलं. माणूस गरीब आहे असं ते सांगत बसत नाहीत. अंगावर काय आहे, हातात काय आहे, बसला कसा, बोलायच्या आधी काय केलं, एवढं सांगतात आणि पुढे जातात.

उतरवलेलं कुठे छापायचं नाही, फेसबुकवर टाकायचं नाही, हे सांगायला नको. ती वही तालमीतली माती आहे.

सांगाडा

उतरवून झालं की एक कथा घेऊन तिच्या प्रत्येक परिच्छेदासमोर एक ओळ लिहा: इथे काय कळलं? काय घडलं नव्हे, वाचकाला काय कळलं. ओळी एकाखाली एक मांडल्या की माहिती कुठे दिली आणि कुठे दाबून ठेवली, ते दिसतं.

माडगूळकरांचीच 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी घ्या. धनगरांच्या वाडीची गोष्ट सांगतो कोण? बाहेरून आलेला पोरसवदा मास्तर. वाडीतल्याच कुणाला सांगायला बसवलं असतं तर त्याला रोजच्या गोष्टी समजावून सांगायचं कारणच नव्हतं. मास्तराला सगळंच नवं, म्हणून त्याच्याबरोबर वाचकालाही वाडी कळत जाते, आणि लेखकाला मध्ये थांबून 'धनगरांची अशी पद्धत असते' असं व्याख्यान द्यावं लागत नाही. हे मी तीनदा वाचूनही पाहिलं नव्हतं. सांगाड्याच्या चौथ्या ओळीला दिसलं. त्याच दिवशी माझ्या लुळ्या कथेचा दोष सापडला: सूतगिरणीतली गोष्ट मी तीस वर्षांच्या अनुभवी कामगाराकडून वदवत होतो आणि तो बिचारा स्वतःच्याच यंत्राची माहिती स्वतःलाच सांगत होता.

बोलीचं काय करायचं

मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला या दगडाला ठेच लागते. पात्रं ज्या भाषेत बोलतात ती छापील मराठी नसते. निवेदन कुठल्या भाषेत करायचं? याची तीन उत्तरं तीन पुस्तकांत आहेत, ती शेजारी ठेवून वाचा. 'बनगरवाडी'त मास्तर प्रमाण मराठीत सांगतो आणि माणसं आपल्या बोलीत बोलतात. मास्तर शिकलेला, तेव्हा ते शोभतं. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (१९६०) निवेदन प्रमाण आणि संवाद अस्सल वऱ्हाडी, पण तिथे सांगणारा कुणी मास्तर नाही. त्यामुळे दोन भाषांमधला सांधा लेखकाला स्वतः सांभाळावा लागतो. आनंद यादवांच्या 'गोतावळा'मध्ये (१९७१) सांगणाराच शेतगडी, नारबा. तेव्हा सबंध कादंबरी त्याच्या बोलीत.

तिन्हींतली दोन-दोन पानं उतरवून काढा. मग आपल्या आजीच्या किंवा शेजाऱ्याच्या तोंडचा एखादा प्रसंग तिन्ही पद्धतींनी लिहून पाहा. कुठली पद्धत बरी ते मी सांगणार नाही. पण एक इशारा: प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग मोडून बोली तयार होत नाही. 'ण' चा 'न' आणि 'ळ' चा 'ल' करून पानभर लिहिलेलं डोळ्याला टोचतं. बोली असते ती वाक्याच्या चालीत, क्रियापद कुठे पडतं त्यात, शिवीत आणि मायेच्या हाकेत. आणि निवेदनात 'केले' लिहायचं की 'केलं', हे एकदा ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत पाळा. पानापानाला बदलणाऱ्याची कथा संपादक दुसऱ्या पानावरच मिटतो.

दिवाकरांची तालीम

संवाद जमत नसतील तर दिवाकरांकडे जा. शंकर काशिनाथ गर्गे, पुण्यातले शाळामास्तर, १९३१ मध्ये गेले. त्यांच्या नाट्यछटा कॉपीराइटमधून मोकळ्या आहेत. एकच माणूस बोलतो, समोरचा काय म्हणाला ते लिहिलेलंच नसतं, तरी ते ऐकू येतं. तालीम अशी: दीड पानात एक माणूस फोनवर बोलतोय, पलीकडचा आवाज नाही. बोलणाऱ्याला पैसे उसने हवेत, पण 'पैसे' हा शब्द वापरायचा नाही. मी हे पंधरा वेळा केलं असेल. तेरा फेकले.

आपला खर्डा

तीन महिन्यांनी, आधी नाही, स्वतःचं लिहायला बसा. माझ्याच एका कथेतला तुकडा दाखवतो. विषय साधा: अण्णा गेले आहेत आणि काकू घरी एकटी. पहिल्या खर्ड्यात होतं:

'अण्णांच्या जाण्याने घरात एक प्रकारची भयाण शांतता पसरली होती. काकूच्या डोळ्यांतले अश्रू आता जणू आटून गेले होते. प्रत्येक वस्तू तिला अण्णांची आठवण करून देत होती.'

यात चूक काहीच नाही. पण हे कुठल्याही अण्णांबद्दल आणि कुठल्याही काकूबद्दल आहे. 'प्रत्येक वस्तू' म्हणजे मला एकही वस्तू सुचलेली नव्हती. आठ दिवस एकाच प्रश्नावर घालवले: अण्णा नाहीत म्हणून या घरात नेमकं कुठलं काम अडलं? मग हे आलं:

'गॅसचा नंबर अण्णांच्या फोनवरून लागायचा. सिलिंडर खांद्यावरून उतरवून पोऱ्यानं ओटीपी मागितला. काकूनं कपाटातून अण्णांचा फोन काढला. तो बंद पडलेला. तिनं चार्जर लावला आणि समोर स्टुलावर बसली.

"राहू द्या काकू, उद्या येतो."

"थांब," काकू म्हणाली. "चालू होतोय."'

आणि याच्यापुढे मी आणखी एक ओळ लिहिली होती: 'जणू अण्णाच परत येणार होते.' ती माझ्या एका मित्रानं खोडली. तो लेखक नाही, बँकेत आहे. म्हणाला, "हे मला कळलं होतं, तू कशाला सांगितलंस?" असा एक मित्र मिळवा. कथा दाखवताना त्याला 'कशी वाटली?' विचारू नका. तो 'छान' म्हणेल आणि विषय संपेल. विचारा, कुठे लक्ष उडालं? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं? तेवढ्याच जागा पुरतात.

सुटायचं कसं

तीन महिने एकाच लेखकात बुडालात की त्याचा वास अंगाला येतोच. घाबरू नका, पण ओळखा. जी. ए. कुलकर्ण्यांच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त होतं. त्यांचा 'काजळमाया' हा कथासंग्रह वाचून उठलेला नवा लेखक पुढची तीन वर्षं नियती, काळोख आणि पक्षी यांच्याशिवाय बोलत नाही. मीही त्यातून गेलोय. त्या वह्या माळ्यावर आहेत आणि तिथेच राहतील.

उतारा म्हणजे लगेच उलट स्वभावाचा लेखक घ्या. जी. एं.नंतर भाऊ पाध्ये. त्यांची मुंबई आणि तिची भाषा डोक्यातला धूर काढून टाकते. माडगूळकरांनंतर गाडगीळ, म्हणजे बाहेरून न्याहाळण्याची सवय लागली असेल तर माणसाच्या मनात शिरायची तालीम होते. दुसरा उतारा अनुवादाचा. हिंदी किंवा इंग्रजीतलं एक पान मराठीत आणून पाहा. खुद्द जी. एं.नी कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. अनुवाद करताना दुसऱ्याची गोष्ट आणि आपली भाषा यांची झटापट होते, आणि आपल्याकडे कुठले शब्द कमी आहेत ते उघडं पडतं. ते भरून काढायला दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर शोधता येतात. मोल्सवर्थ तर मी झोप येत नसली की वाचतो.

पाठवताना

कथा पुरी झाली की महिनाभर झाकून ठेवा, मग एकदा मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तिथे दुरुस्ती. दिवाळी अंकासाठी पाठवायची तर गणपतीत जागे होऊ नका; तोवर अंक लागलेले असतात. मे-जूनमध्ये पाठवलेली बरी. युनिकोडमध्ये टाइप करा, कारण जुन्या फॉन्टमधली फाइल पलीकडे उघडली की नुसते किडे दिसतात. पत्रात चार ओळी पुरेत: नाव, पत्ता, कथा पूर्वी कुठे प्रसिद्ध झालेली नाही, ही एकाच अंकाला पाठवली आहे. आणि ते खरं असू द्या. आधी त्या अंकाचे मागचे दोन दिवाळी अंक वाचा. अर्ध्या कथा चुकीच्या दारात गेल्यामुळेच परत येतात.

माझी पहिली कथा एका अंकाकडून सात महिन्यांनी परत आली, तीही मी आठवण केल्यावर, 'साभार परत' एवढ्या दोन शब्दांसह. तोवर मी दुसऱ्या लेखकाच्या एकोणचाळिसाव्या पानावर होतो. त्या दिवशीचं पान उतरवून झाल्यावर कथा उघडली. पहिल्याच परिच्छेदात 'एक प्रकारची' दोनदा होतं.